ओवा-बाळंतशोपा तुझ्यासाठी, बाळासाठी फक्त दूध

पत्र थोडक्यात असं : "पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले आहे, कराडजवळच्या गावी. बाळ सहा आठवड्यांचं आहे. दिवेलागणीला रडायला लागतं ते दोन-दोन तास थांबत नाही. आई मला दिवसभर ओवा-बाळंतशोपांचं पाणी देते, जेवणानंतर भाजलेली बडीशेप चघळायला देते. इथवर मला काही अडचण नाही. पण आजी म्हणते, बाळालाही बोंडल्यानं ओव्याचं पाणी पाज आणि दुधात हिंग उगाळून दे. रोज सकाळी शेगडीवर ओवा टाकून आम्हा दोघांना धुरी असते. बाळाचे डॉक्टर म्हणतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीसुद्धा नको. नवऱ्यानं ग्राइप वॉटर आणून दिलंय. नणंदेनं ओव्याच्या तेलाची बाटली ऑनलाइन मागवून पाठवली आहे. त्यात मला दूध पुरेसं येतंय का, याची धास्ती वेगळीच. या सगळ्यात औषध किती आणि नुसती समजूत किती? मला मुलीसारखं सांगा."

मुलीसारखं सांगा म्हणालीस, म्हणून अगं-तुगंच करते.

आधी उत्तर सांगते. ओवा, बाळंतशोपा, बडीशेप तू खुशाल खा, त्यांचं पाणीही पी. बाळाच्या तोंडात मात्र यातलं काहीच घालू नकोस. ओव्याचं पाणी नको, हिंग नको, ग्राइप वॉटरही नको. धुरी आजपासून बंद. तेलाची ती बाटली तर उघडूच नकोस, ना बाळासाठी ना तुझ्यासाठी. तुझे डॉक्टर बरोबर सांगतायत.

पण "डॉक्टर नको म्हणाले" एवढ्यावर आजी थांबायच्या नाहीत, हे मला ठाऊक आहे. आणि त्यांनी का थांबावं? पाच-सहा बाळंतपणं त्यांच्या हातून झाली असतील. ओव्यात औषध आहे हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. मी आयुष्यभर औषधी वनस्पतींचं रसायनशास्त्र शिकवत आले, तेव्हा हे मी मनापासून लिहिते आहे. ओव्यात खरंच औषध आहे, आणि नेमकं म्हणूनच ते बाळाला द्यायचं नाही. हे नीट समजलं की आजीशी भांडावं लागणार नाही.

ओवा, बडीशेप, बाळंतशोपा, जिरे, शहाजिरे, धने, हिंग ही सगळी एकाच कुळातली. शेपूची भाजी, कोथिंबीर आणि गाजरही त्यातलंच. परसात कोथिंबीर किंवा शेपू फुलावर आला असेल तर बघ, एका दांडीच्या टोकातून काड्या फुटून छत्री उघडल्यासारखा फुलोरा दिसेल. या कुळाची ती ओळख. आपण ज्याला बी म्हणतो ते खरं तर फळ असतं, वाळलेलं आणि दोन फाकांत दुभंगणारं. घरात शाळकरी भाचे-पुतणे असतील तर त्यांचं भिंग घे आणि बडीशेपेचा एक दाणा उजेडात धर. त्याच्यावर उभ्या शिरा दिसतील. त्या शिरांच्या मधल्या खाचांखाली, सालीच्या आत, तेलाच्या बारीक नळ्या असतात. बडीशेपेच्या प्रत्येक फाकेत पाठीच्या बाजूला चार आणि पोटाच्या बाजूला दोन. दाणा आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की या नळ्या गडद ठिपक्यांसारख्या दिसतात. या कुळाची सगळी औषधी मातब्बरी प्रामुख्याने त्या नळ्यांत साठलेली आहे.

आई ओवा तळहातावर घेऊन चोळते आणि मग तोंडात टाकते, ते का ते आता कळेल. चोळलं की नळ्या फुटतात. अख्खा ओवा पाण्यात उकळून पिवळं पाणी मिळेल, पण औषध बरंचसं दाण्यातच राहील. म्हणून आधी थोडा भरडायचा, आणि उकळताना वर झाकण ठेवायचं. ही तेलं वाफेबरोबर उडून जातात. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला म्हणजे तेवढं औषध हवेत गेलं. दोन-तीन वर्षं बरणीत पडून राहिलेल्या ओव्याला वासच उरत नाही, त्याचं पाणी करून उपयोगही नाही.

ओव्यात तेलाचं प्रमाण साधारण दोन ते चार टक्के. त्या तेलातला मोठा वाटा, बहुतेक वेळा तिसऱ्या हिश्शापासून ते निम्म्यापेक्षा जास्त, थायमॉल नावाच्या द्रव्याचा असतो. ओव्याचा तो झणझणीत, जिभेला चुरचुरणारा वास थायमॉलचाच. बाजारात "ओव्याचं फूल" म्हणून पांढरे स्फटिक मिळतात, ते म्हणजे शुद्ध थायमॉल. जंतू मारण्याची त्याची ताकद जुनी आणि पक्की आहे. १८७९ साली अमेरिकेत निघालेल्या आणि आजही दुकानात मिळणाऱ्या लिस्टरिन या चूळ भरायच्या औषधात ते आहे, आणि तेही फक्त ०.०६४ टक्के. एवढंसं पुरतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत अंकुशकृमींची साथ आटोक्यात आणायला रॉकफेलरच्या पैशातून १९०९ ते १९१४ अशी मोठी मोहीम चालली. तेव्हा त्यावरचं मुख्य औषध थायमॉल हेच होतं. मोठी मात्रा घ्यायची, मग जुलाबासाठी एप्सम सॉल्ट, आणि त्या दिवशी तेल-तूप आणि दारू कटाक्षानं वर्ज्य. कारण चरबीत किंवा अल्कोहोलात विरघळलं की थायमॉल आतड्यातून झपाट्यानं रक्तात जातं आणि कृमींऐवजी माणसालाच बाधतं. पुढे त्याहून सुरक्षित औषधं आली आणि ते मागे पडलं.

ओव्याच्या फुलाचा एक प्रयोग तू पाहिला असशील. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉल) आणि कापूर हे तिन्ही कोरडे स्फटिक एका बाटलीत घालून ठेवले की काही वेळात आपोआप पाणी होतं. त्याला आपल्याकडे अमृतधारा म्हणतात. यात चमत्कार काही नाही. प्रत्येकाचे रेणू एकट्याने नीट रांगेत बसून स्फटिक होतात. तिघं एकत्र आले की एकमेकांची रांग मोडतात आणि मिश्रणाचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो. थायमॉल एकटं ५० अंशांच्या आसपास वितळतं, मेंथॉल ४२च्या आसपास, कापूर तर १७५च्या वर. मोठ्या माणसानं डोकं दुखताना कपाळाला थेंब लावला तर ठीक. पण ही बाटली बाळाच्या खोलीत नकोच. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, आणि मेंथॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ नेलं तर त्याचा श्वास अडकू शकतो. सर्दी झाली म्हणून बाळाच्या छातीला बाम चोळणं किंवा टाळूवर कापराचं तेल थापणं, तेही यातच आलं.

आता नणंदेच्या बाटलीचा हिशेब करू. चमचाभर ओवा म्हणजे साधारण दोन ग्रॅम. त्यात तेल साधारण साठ-सत्तर मिलिग्रॅम, आणि थायमॉल त्याच्या निम्मं धरलं तर तीस-पस्तीस मिलिग्रॅम. भरडून उकळलं तरी सगळं काही पाण्यात उतरत नाही. म्हणजे तू दिवसभरात घोट-घोट पितेस त्यात थायमॉल अगदी बेताचं आहे. बाटलीतलं तेल मात्र एक मिली घेतलं, तर ते साधारण तीस ग्रॅम ओव्याचं झालं. वाटीभर ओवा कोणी एका घोटात खात नाही. तेलाचा घोट मात्र नकळत जातो. अशी तेलं पोटात घ्यायची नसतातच. कातडीवर निखळ लावली तर भाजल्यासारखे चट्टे उठतात. नणंदेनं मायेनं पाठवलं, तिला फोनवर नीट समजावून सांग. बाटली मात्र कुलपात जाऊ दे.

बाळंतशोपांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. शेपूचंच हे फळ. याच्या तेलात कार्व्होन नावाचं द्रव्य असतं. तसंच कार्व्होन परदेशी पुदिन्याच्या एका जातीत, च्युइंगमला जो गोड थंड वास असतो त्या स्पिअरमिंटमध्येही असतं. अणू तेच, संख्या तीच, जोडणी तीच. फरक इतकाच की एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे, डावा आणि उजवा हात असतो तसं. आपल्या नाकातल्या वास टिपणाऱ्या रेणूंना हे डावं-उजवं ओळखता येतं. म्हणून एकाचा वास शेपूचा येतो आणि दुसऱ्याचा पुदिन्याचा. वर्गात दोन काचपट्ट्यांवर दोन थेंब ठेवून मुलांना हुंगायला दिले की अख्खा वर्ग चकित होतो.

भारतीय बाळंतशोपांत आणखी एक द्रव्य बऱ्यापैकी असतं, डिलापिओल. त्याचा सख्खा भाऊ म्हणजे पार्सलीतलं अपिओल. युरोपात अपिओलचा वापर चोरून गर्भपातासाठी व्हायचा आणि त्यात यकृत-मूत्रपिंडं निकामी होऊन बायका दगावल्या. म्हणून गरोदरपणात बाळंतशोपांचे काढे आणि अर्क घ्यायचे नाहीत. बाळंतपणानंतरच त्या द्यायच्या, ही आपल्याकडची रीत योग्यच आहे. जेवणात शेपूची भाजी खाल्ली म्हणून कोणाला काही होत नाही, हेही लगेच सांगते, नाहीतर तुझ्या शेजारची एखादी गरोदर मुलगी उगीच घाबरायची.

बडीशेपेत ॲनेथॉल असतं. गोडवा त्याचा. सोबत थोडं एस्ट्रॅगोल असतं, जे मोठ्या मात्रेत प्राण्यांच्या यकृतात गाठी करतं असं प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. जेवणानंतरच्या चिमूटभर बडीशेपेनं मोठ्या माणसाला काही बिघडत नाही. पण युरोपच्या औषध नियामक संस्थेनं चार वर्षांखालच्या मुलांना बडीशेपेचा काढा देऊ नये असं म्हटलं आहे. बडीशेप घेताना एवढं बघ की ती फार हिरवीगार नको. ओल्या पांढऱ्या कपड्यावर चोळून हिरवा रंग उतरला तर ती रंगवलेली आहे. काही घरांत चक्रीफुलाचं पाणी बाळाला देतात. त्यातही ॲनेथॉलच असतं, झाड मात्र वेगळ्या कुळातलं. त्याच्यासारखं हुबेहूब दिसणारं जपानी चक्रीफूल विषारी असतं आणि दोन्हींची भेसळ होऊन लहान मुलांना झटके आल्यानं २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं इशारा दिला होता. तेही नको.

ही द्रव्यं पोटात करतात काय? आतड्याच्या भिंतीत आपोआप आकुंचन पावणारे स्नायू असतात. ते घट्ट आवळले गेले की मुरडा येतो, वारा अडकतो. थायमॉल, कार्व्होन, ॲनेथॉल हे रेणू त्या स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम शिरायला अडथळा करतात आणि स्नायू सैलावतात. मग ढेकर येतो, वारा सरतो, पोट हलकं होतं. बाळंतपणानंतर पोट मोकळं वाटावं म्हणून आई तुला देते ते याचसाठी, आणि त्यात तथ्य आहे.

या कुळाची ही स्नायू सैलावण्याची करामत किती दूर जाते ते ऐक. इजिप्तमध्ये ओव्याच्या नात्यातलं खेला नावाचं एक झाड आहे. मुतखड्याच्या कळा थांबवायला तिथे त्याचा काढा शतकानुशतकं देत आले. त्यातलं खेलिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याच्या रेणूत फेरफार होत गेले, आणि १९६०च्या दशकात त्यातून दोन मोठी औषधं निघाली. दम्यासाठी क्रोमोग्लायकेट आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन. तुमच्या घरात कोणा वडीलधाऱ्याला हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन चालू असेल, तर त्या गोळीचं मूळ इथे आहे. याच कुळात इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसला प्यायला दिलेलं विषारी हेमलॉकही येतं. त्यातलं कोनाइन स्नायू लुळे पाडत शेवटी श्वास थांबवतं. युरोप-अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांनी नदीकाठी शेपू किंवा गाजरासारखं काही उगवलेलं दिसलं म्हणून उपटून घरी आणू नये, हे मी दर वेळी सांगते.

आता बाळाकडे येऊ.

आजींना ही गोष्ट आवर्जून सांग. २००८ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अंगावर पाजणाऱ्या बायकांना कॅप्सूलमधून कार्व्होन आणि ॲनेथॉल दिलं, म्हणजे बाळंतशोपांतलं आणि बडीशेपेतलं नेमकं हेच द्रव्य. मग ठराविक वेळानं त्यांच्या दुधाचे नमुने तपासले. दोन तासांच्या सुमारास दोन्ही द्रव्यं दुधात सर्वांत जास्त होती, आणि नंतर ओसरत गेली. मात्रा अगदी सूक्ष्म, पण होती. २००१ मध्ये अमेरिकेत असाच प्रयोग गाजराच्या रसाचा झाला होता. ज्या आयांनी गरोदरपणात किंवा पाजत असताना तो रस प्यायला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज तोंड वाकडं न करता खाल्ली. तेव्हा आजींना म्हण, "तुमच्या बाळंतशोपा बाळापर्यंत पोचतायतच, माझ्यातून गाळून पोचतायत." आणि हे मी समजूत घालायला सांगत नाही. तुझ्या यकृतानं आधी त्या द्रव्याचा समाचार घेतलेला असतो, आणि उरलेला अंश तेवढा दुधात उतरतो. यापेक्षा बाळाला सोसेल असा डोस दुसरा नाही.

थेट दिलं तर का नको? थायमॉलसारखी द्रव्यं शरीराबाहेर टाकायची तर यकृताला आधी त्यांना एक साखरेचा रेणू जोडावा लागतो, म्हणजे ती पाण्यात विरघळून लघवीवाटे जातात. हे काम करणारी यंत्रणा नवजात बाळात पुरती चालू झालेली नसते. काही बाळं जन्मानंतर पिवळी पडतात तीही साधारण याच कारणानं. त्यात वजन चार-पाच किलो. तुला जी चिमूट क्षुल्लक, ती त्याच्यासाठी क्षुल्लक राहत नाही. पाण्याचाही प्रश्न आहे, बोंडल्याच्या स्वच्छतेचाही आहे, आणि पाण्यानं पोट भरलं की तेवढं दूध कमी प्यायलं जातं.

हिंगाबद्दल तर जरा ठामच राहा. हिंग म्हणजे फेरुला नावाच्या झाडाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो. आपल्याकडे लागवडीचा प्रयत्न आत्ता कुठे, ऑक्टोबर २०२० मध्ये, हिमाचलच्या लाहौलमध्ये सुरू झाला. त्याचा तो उग्र वास गंधकाच्या संयुगांचा. डबीतल्या बांधणी हिंगात मैदा आणि डिंकच जास्त असतो. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बालरोग नियतकालिकात एक नोंद आली होती. पाच आठवड्यांच्या, म्हणजे जवळजवळ तुझ्या बाळाएवढ्याच, एका बाळाला पोटदुखीसाठी हिंगाचं औषध दिलं आणि ते निळं पडलं. तान्ह्या बाळाचं रक्त अजून गर्भातल्या प्रकारचं असतं. त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण झटकन होतं, ते पूर्ववत करणारं एन्झाइम कमी असतं, आणि असं रक्त प्राणवायू वाहूच शकत नाही. पोटात हिंग नाही म्हणजे नाही. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायचा आजींचा आग्रह असेल, तर बेंबी पूर्ण सुकलेली हवी, लेप पातळ हवा, आणि पुरळ दिसलं की लगेच पुसून टाकायचं. त्यानं फार काही होतं असं मला वाटत नाही, पण एवढ्यावर आजींना समाधान मिळत असेल तर अडवू नकोस.

ग्राइप वॉटर तुझ्या नवऱ्याला आधुनिक वाटतंय, तर त्याला सांग की ते तुमच्या आजीच्याच बटव्यातलं आहे. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं ते काढलं : शेपूचं तेल, खायचा सोडा, साखर आणि अल्कोहोल. बाळं शांत व्हायची ती बरीचशी शेवटच्या दोघांमुळे, असं मानायला भरपूर जागा आहे. अल्कोहोल पुढे काढून टाकलं. आता उरलं गोड पाणी, सोडा आणि शेपूचा अंश. सहा आठवड्यांच्या बाळाला त्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही. २००३ मध्ये रशियात पोटशूळानं रडणाऱ्या बाळांवर बडीशेपेच्या तेलाच्या अतिसौम्य द्रावणाचा प्रयोग झाला. ते दिलेल्या बाळांपैकी ६५ टक्क्यांचं रडणं आटोक्यात आलं आणि नुसतं बिनऔषधी द्रावण दिलेल्यांपैकी २४ टक्क्यांचं. म्हणजे कल्पना पोकळ नाही. पण तो प्रयोग लहान होता, द्रावण प्रयोगशाळेत मोजून केलेलं होतं आणि बाळं डॉक्टरांच्या नजरेखाली होती. घरच्या पातेल्यात आज एक मात्रा उतरते, उद्या तिप्पट.

धुरीविषयी थोडक्यात. शेगडीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना कोणत्याही सबबीवर चांगला नाही, मग त्यात ओवा असो, वावडिंग असो की लसणाच्या साली. बंद खोलीत निखारे धुमसत असतील तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठतो, तो तर जिवावर बेततो. शेक हवा असेल तर तुझ्या कंबरेला गरम पाण्याची पिशवी घे. बाळाला अंघोळीनंतर स्वच्छ पंचात गुंडाळून कुशीत घेतलंस की पुरे.

तुझ्या दुधाचं म्हणशील तर बाळंतशोपांनी दूध वाढतं याचा पुरावा तोकडा आहे. दूध वाढतं ते बाळ वारंवार आणि नीट ओढतं तेव्हा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी, पालेभाज्या हे सगळं खा, ते तुला स्वतःला हवं आहे. पण दूध पुरतंय का हे बाळाकडे बघून ओळखायचं. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट ओले होतायत, वजन रोज सरासरी २०-३० ग्रॅमनं वाढतंय, तर दूध पुरतंय. रडणं हा दूध कमी असल्याचा पुरावा नव्हे. पाजताना दुखत असेल, कातडीला चिरा पडल्या असतील, तर बाळ नीट धरत नाहीये. दवाखान्यातल्या परिचारिकेकडून बसण्याची आणि धरण्याची पद्धत एकदा बघून घे. या भीतीनं वरचं दूध सुरू करू नकोस.

तुझ्या ओव्या-बाळंतशोपांच्या पाण्याचं प्रमाणही सांगते. लिटरभर पाण्यात दोन्ही मिळून दोन लहान चमचे, भरडून, झाकण ठेवून पाचेक मिनिटं उकळ, गाळ, दिवसभरात पी. बाकी तहान साध्या पाण्यानंच भागव. छातीत जळजळायला लागलं तर ओवा निम्मा कर. अतिरेक मात्र नको. १९९४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दोन नवजात बाळांची हकीकत छापली होती. त्यांच्या आया दूध वाढावं म्हणून बडीशेप, ज्येष्ठमध वगैरे घातलेला काढा दिवसाला दोन लिटरहून जास्त प्यायच्या. बाळं सुस्त, ढिली पडली, ओढेनाशी झाली. काढा थांबवल्यावर सुधारली. आई दिवसभर तेच पाणी पाजते असं तू लिहिलंयस, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि संध्याकाळचं ते रडणं. बहुतेक बाळांत ते सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वांत जास्त असतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत ओसरतं. तू आत्ता त्याच्या ऐन शिखरावर आहेस. पाजून झालं की खांद्यावर उभं धरून ढेकर काढ. पोटावर खोबरेल तेलाचा हलका हात गोल फिरव, पाय हळूहळू पोटाकडे दुमडून सोड. हे काम आजींवर सोपव. त्यांच्या हातांइतके सरावलेले हात घरात दुसरे नाहीत, आणि बाळासाठी काहीतरी करायची त्यांची तळमळ बोंडल्याऐवजी तिथे लागेल. बाळाला छातीशी धरून अंगणात फेऱ्या मार, दिवा मंद कर. तुला असह्य झालं तर बाळ आईकडे दे आणि दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जाऊन बस. त्यात कमीपणा काही नाही.

मात्र ताप ३८ अंशांवर गेला, हिरवी उलटी झाली, शीमध्ये रक्त दिसलं, पोट फुगून टणक झालं, बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, निळसर दिसलं किंवा आजवर कधी ऐकलं नाही अशा तीव्र आवाजात रडायचं थांबता थांबेना, तर ते पोटशूळाचं नेहमीचं रडणं नव्हे. तेव्हा घरात कोणाचाही सल्ला विचारत बसू नकोस. रात्र असली तरी सकाळची वाट न बघता बाळाला दवाखान्यात ने, आणि त्याच्या तोंडात काही गेलं असेल तर ते काय आणि किती, हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांग.